बर्फातली बोंडं

जानेवारीच्या अखेरीस डेन्व्हरहून गाडीने युटाला निघणाऱ्याला आमच्या मंडळात कुणी शहाणा म्हणत नाही. "वायोमिंगात वारा असा सुटतो की ट्रक आडवे होतात," असं तिघांनी फोन करून सांगितलं. चौथ्याने विचारलं, "सिनेमाच बघायचा ना? मग घरी सोफ्यावर बसून बघा की!" पण आमच्या लेकीने तिकिटं काढून ठेवली होती आणि सिनेमा मराठी होता. पार्क सिटीच्या सनडान्स महोत्सवात, परदेशी कथापटांच्या स्पर्धेत, मराठी! आम्ही तिखटमिठाच्या पुऱ्या बांधल्या, थर्मास भरला, गाडीत ब्लँकेटं आणि फावडं टाकलं आणि निघालो.

आम्ही म्हणजे आम्ही उभयतां. एकाने गाडी चालवायची आणि दुसरीने रस्ता सांगायचा, अशी आमची वाटणी गेल्या तीस वर्षांची. आता फोन रस्ता सांगतो, तरी दुसरीने आपलं काम सोडलेलं नाही. लॅरॅमी, रॉलिन्स, रॉक स्प्रिंग्ज, इव्हन्स्टन. सुमारे पाचशे मैलांचा प्रवास. दोन्हीकडे पांढरं माळरान, मधूनच हरणांचा कळप, आणि वारा खरोखरच सांगितल्यासारखा. ट्रक मात्र सगळे उभेच दिसले.

पार्क सिटी हे मूळचं चांदीच्या खाणींचं गाव. एकोणिसाव्या शतकात इथल्या डोंगरांत चांदी सापडली, खाणकामगार आले, दारूचे गुत्ते आले. पुढे चांदीचे भाव पडले आणि गाव ओस पडत चाललं. मग स्कीइंग आलं आणि गावाने पुन्हा बाळसं धरलं. उंची सुमारे सात हजार फूट, म्हणजे महाबळेश्वराच्या दीडपट. आम्ही मैलभर उंचीवरच्या डेन्व्हरचे रहिवासी म्हणून ऐटीत होतो, पण मेन स्ट्रीटचा चढ चढताना ती ऐट खाली राहिली. या रस्त्यावर १९२६ साली उघडलेलं इजिप्शियन थिएटर अजून उभं आहे. एरवी आठेक हजार वस्तीचं गाव, पण महोत्सवात पंढरपूरच्या वारीसारखं फुलायचं. गाडी लावायला जागा नसायची, म्हणून सगळी वारी फुकटच्या बसने फिरायची. बसमध्ये शेजारच्याला "आज काय पाहिलंत?" असं विचारायची इथली रीत होती. अमेरिकेत इतक्या वर्षांत बसमधली अनोळखी माणसं आमच्याशी इतकं कधी बोलली नव्हती!

महोत्सवाचा इतिहास थोडक्यात सांगतो. १९७८ साली तो सॉल्ट लेक सिटीत सुरू झाला, १९८१ मध्ये पार्क सिटीत आला. त्याच वर्षी नट-दिग्दर्शक रॉबर्ट रेडफर्ड यांनी सनडान्स इन्स्टिट्यूट काढली. १९८५ पासून महोत्सव त्या संस्थेने चालवायला घेतला आणि १९९१ पासून त्याला सनडान्स हे नाव मिळालं. हॉलिवूडच्या मोठ्या कंपन्यांच्या दारात ज्यांना उभं राहू दिलं जात नाही, त्यांच्यासाठी हे दार. २०१० पासून इथे 'नेक्स्ट' नावाचा एक विभाग आहे: थोड्या पैशांत, चाकोरी सोडून केलेल्या सिनेमांचा. त्यात नावीन्यासाठी 'नेक्स्ट इनोव्हेटर' हा खास पुरस्कार देतात. २०२५ साली तो चार्ली शॅकल्टन या इंग्रज दिग्दर्शकाच्या 'झोडियॅक किलर प्रोजेक्ट'ला मिळाला. या गृहस्थाला एका गाजलेल्या खुन्यावर माहितीपट काढायचा होता. पुस्तकाचे हक्क हातचे गेले. तेव्हा त्याने रिकाम्या जागा दाखवत, 'मला सिनेमा काढता आला असता तर इथे काय घडलं असतं' हेच सांगत सिनेमा काढला. म्हणजे न झालेल्या लग्नाचा आल्बमच म्हणायचा!

लेकीला हे असलं फार आवडतं. बसमध्ये ती म्हणाली, "बाबा, इनोव्हेटिव्ह म्हणजे हे. तुमच्या मराठी फिल्ममध्ये काय असणार? पुन्हा गाव, पुन्हा म्हातारी, पुन्हा पाऊस." आम्ही गप्प बसलो, कारण मनातून आम्हालाही तीच भीती होती.

सिनेमाचं नाव 'साबर बोंडं'. दिग्दर्शक रोहन परशुराम कानवडे. मुंबईत एका खोलीत वाढलेला, वडील ड्रायव्हर, शिक्षण इंटिरियर डिझाइनचं. सिनेमाच्या कुठल्याही शाळेत न जाता स्वतःच शिकला आणि 'उ उषाचा'सारखे लघुपट केले. स्वतःच्या वडिलांच्या सुतकाचे दहा दिवस गावी काढताना नातेवाइकांनी त्याच्यामागे लग्नाचा लकडा लावला होता. त्यातून ही गोष्ट सुचली. सिनेमातला आनंद मुंबईत कॉल सेंटरमध्ये काम करतो. वडील जातात, तो आईबरोबर दहा दिवसांसाठी गावी येतो. तिथे शेती करणारा बाळ्या हा त्याचा लहानपणचा मित्र भेटतो. दोघांच्याही मागे घरच्यांचं एकच टुमणं: लग्न कधी? आणि त्या दोघांचा जीव एकमेकांवर आहे. एवढीच गोष्ट.

अंधार झाला आणि पडद्यावर घर आलं. माणसं मेलेल्या माणसाबद्दल जसं हळू आणि तुटक बोलतात तसं बोलू लागली. आसपासचे तीनशे लोक खालच्या इंग्रजी ओळी वाचत होते, आम्ही ऐकत होतो. कॅमेरा जागचा फारसा हलत नाही. पाहुणा भिंतीला टेकून बसतो ना, तसा बसून राहतो. पार्श्वसंगीत नाही. एका नातलगाच्या नुसत्या स्वरावर आम्ही दोघंच हसलो, तेव्हा पुढच्या रांगेतल्या बाईंनी मागे वळून पाहिलं. आपल्याला काय कळलं नाही ते कळावं म्हणून.

आणि मग ते दहा दिवस आले. पडद्यावर एकेक दिवस सरत होता आणि आम्हाला २००८ साल आठवत होतं. त्या वर्षी आमच्यातल्या एकाचे वडील साताऱ्याला गेले. आम्ही पोचलो तिसऱ्या दिवशी. रजा एका आठवड्याची, परतीचं तिकीट नवव्या दिवसाचं. इकडे लेकीची शाळा, तिकडे ऑफिसातलं काम. दहाव्याला घाटावर पिंड धाकट्या भावाने ठेवला, तेव्हा आम्ही फ्रँकफर्टच्या विमानतळावर कॉफी पीत होतो. फोन लावून विचारलं, "कावळा शिवला का?" भाऊ म्हणाला, "हो दादा, लगेच शिवला. काळजी करू नकोस." तो खरं बोलला की आमच्या समाधानासाठी, हे आम्ही त्याला आजतागायत विचारलेलं नाही. परदेशात राहणाऱ्या आपल्यापैकी कितीतरी घरांत अशी एक न विचारलेली गोष्ट असणार. ते दहा दिवस आम्ही कधी पुरे केले नव्हते. ते पार्क सिटीत, बुटांतलं बर्फ वितळून मोजे ओले झालेले असताना, पावणेदोन-दोन तासांत पुरे झाले. आमच्यातल्या एकाने चष्मा पुसला. दुसरीने पाहिलं नाहीसं केलं.

पण रडवून सोडून देणारा हा सिनेमा नाही. त्यातले काका, मामा, आत्या वाईट नाहीत. खाऊपिऊ घालतात, जवळ बसवतात आणि त्याच मायेने विचारतात, "आता लग्नाचं काय?" हे ऐकलं आणि आम्ही खुर्चीत चुळबुळलो. कारण हा प्रश्न आम्ही विचारलेला आहे.

आमच्या मंडळात लहानाचा मोठा झालेला एक मुलगा. गणपतीच्या नाटकात बालशिवाजी व्हायचा, मोठा झाल्यावर पडद्यामागचे दिवे सांभाळायचा. नोकरीला लागला आणि आम्ही सगळ्यांनी सुरू केलं: "काय रे, लाडू कधी?" एका संक्रांतीला, हातावर तिळगूळ ठेवता ठेवता, आम्ही स्वतः त्याला पुण्याच्या एका मुलीचं स्थळ सुचवलं. तो हसला. पुढच्या वर्षी तो आला नाही. त्यानंतर त्याचे आईवडीलही यायचे थांबले. का, ते सगळ्यांना ठाऊक होतं. कुणी त्याबद्दल वाईट बोललं नाही. कुणी बोललंच नाही. आम्ही त्याला सभ्यपणा समजत होतो. सिनेमातल्या आनंदचं त्याच्या आईवडिलांनी जाणलेलं असतं आणि स्वीकारलेलंही. परक्यांपासून नव्हे, आपल्याच गोतावळ्यापासून त्या आईला मुलाला सांभाळावं लागतं. गोतावळा म्हणजे कोण, हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

सिनेमा संपल्यावर लेक बराच वेळ बोलली नाही. मग बसस्टॉपवर म्हणाली, "मी चुकले. हे जास्त नवीन आहे." झोडियॅकवाल्याने सिनेमा कसा सांगायचा ते नव्याने शोधलं. कानवड्यांनी काहीच मोडतोड केली नाही. तेच अंगण, तेच सुतक, तीच माणसं. फक्त ज्याच्याकडे आपण कधी टक लावून पाहिलं नाही, त्याच्याकडे कॅमेरा शांतपणे पाहत बसला.

परतीच्या वाटेवर वायोमिंगात वाऱ्याने हायवे बंद झाला आणि रॉलिन्सच्या एका मोटेलात रात्र काढावी लागली. मंडळातल्या तिघांचं म्हणणं अखेर खरं ठरलं. घरी पोचल्यावर ३१ जानेवारीला निकाल आला: परदेशी कथापटांच्या स्पर्धेतला परीक्षकांचा सर्वोच्च पुरस्कार 'साबर बोंडं'ला! आपल्या सिनेमाला बाहेरचा गौरव नवा नाही. १९३७ साली व्हेनिसला 'संत तुकाराम' गौरवला गेला. त्याच व्हेनिसला चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'ने २०१४ मध्ये आणि 'द डिसायपल'ने २०२० मध्ये पुरस्कार मिळवले. पण अमेरिकेत, आपल्या दाराशी, असं मराठीला प्रथमच मिळालं. मंडळाच्या व्हॉट्सॲपवर टाळ्यांचा पाऊस पडला. सिनेमा कशाबद्दल आहे हे कुणी लिहिलं नाही. आम्हीही नाही.

दोन दिवसांनी मात्र आम्ही त्या आईवडिलांना फोन केला. चार वर्षांनी. सिनेमा पाहिला म्हणून सांगितलं, कसा होता ते सांगितलं, आणि मग संक्रांतीच्या त्या स्थळाबद्दल माफी मागितली. पलीकडे थोडा वेळ काही आवाज आला नाही. मग त्या म्हणाल्या, "वहिनी, तुम्हाला तो दिवस आठवतो? मला वाटलं, तुम्ही विसरलात." पुढे म्हणाल्या, "तो सिनेमा कुठे बघायला मिळेल?" त्यांनी आम्हाला जेवायला बोलावलं नाही आणि आम्हीही लगेच बोलावलं नाही. चार वर्षं एका फोनने भरून येत नाहीत. पण आता अधूनमधून फोन होतो.

पुढचंही सांगून ठेवतो. रेडफर्ड १६ सप्टेंबर २०२५ ला वारले, आणि तीनच दिवसांनी 'साबर बोंडं' भारतात प्रदर्शित झाला. २०२६ चा महोत्सव हा पार्क सिटीतला शेवटचा. २०२७ पासून तो कोलोरॅडोत, आमच्या शेजारच्या बोल्डरला भरवायचं मार्च २०२५ मध्येच जाहीर झालं. म्हणजे वायोमिंगचा वारा टळला!

बोल्डरच्या डोंगरवाटांवर फड्या निवडुंगाचे बुटके भाऊबंद जमिनीलगत पसरलेले दिसतात. हिवाळ्यात त्यांच्यावर बर्फ साचतं, तरी ते तग धरून असतात. साबर म्हणजे हाच निवडुंग, आणि बोंड हे त्याचं लालबुंद फळ. वरून बारीक काटे, आत गोड गर. मेक्सिकन दुकानांत तेच 'टूना' नावाने मिळतं. हे झाड मूळचं याच अमेरिका खंडातलं. युरोपियनांच्या जहाजांतून ते हिंदुस्थानात गेलं आणि आपल्या बांधाबांधांवर असं रुजलं की ते परकं होतं हे कुणाच्या लक्षातही उरलं नाही. सिनेमात बाळ्या आपल्या मित्राला ही बोंडं आणून देतो. काटे काढून द्यावी लागतात, नाहीतर हाताला लागतात.

मंडळाच्या कार्यकारिणीला आम्ही पत्र दिलं आहे. दरवर्षी गणपतीत एक विनोदी नाटक आणि एक विनोदी सिनेमा असतो. यंदा त्यातल्या सिनेमाच्या जागी 'साबर बोंडं' दाखवावा, अशी विनंती केली आहे. "मुलाबाळांसमोर कसं?" असं एकाने विचारलं. आम्ही म्हटलं, मुलाबाळांना ठाऊक आहे. प्रश्न आपलाच आहे. बैठक पुढच्या महिन्यात आहे. निर्णय काय होईल ते सांगता येत नाही. दिवे सांभाळायला आमच्याकडे एक जण होता, हे मात्र पत्रात लिहिलं आहे.