दुसरा साप

पहिल्या गोष्टीचे जगात फार कौतुक होते. पहिला पाऊस, पहिले प्रेम, पहिले अपत्य, पहिले पुस्तक या साऱ्यांवर आजवर कितीतरी लेखण्या झिजल्या. दुसऱ्या गोष्टीकडे मात्र कोणी वळून पाहत नाही. वास्तविक माणसाची खरी पारख दुसऱ्या गोष्टीत होते, असे माझे मत आहे. पहिले पुस्तक कोणीही हौसेपोटी लिहितो. दुसरे लिहायला बसला म्हणजे तो लेखक आहे की नाही हे कळते. पहिली वस्तू आपण आवडली म्हणून घेतो. दुसरी घेताना गाठीला अनुभव असतो आणि त्या अनुभवाचे आपण काय केले, हे त्या निवडीवरून उघड होते. हा सिद्धांत मी वर्गात पुष्कळदा मांडला आहे. परंतु तो सापांवर पडताळून पाहण्याचा योग अमेरिकेत आला.

माझी थोरली बहीण ओहायो राज्यात, कोलंबस शहरी राहते. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी महिनाभर तिच्याकडे होतो. तिच्या पंधरा वर्षांच्या मुलाने गेली दोन वर्षे घरात एक साप पाळलेला आहे. हे वाक्य ऐकताच आपल्याकडचा माणूस प्रथम पाय वर घेऊन बसेल. आपले साप पकडून घरात ठेवणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, आणि तो कायदा झाला नसता तरी आपल्या आयांनी तो केलाच असता! अमेरिकेत प्रत्येक राज्याचा नियम निराळा. हवाई बेटांवर कोणताच साप पाळता येत नाही. जॉर्जियात तिथल्याच रानातला बिनविषारी साप घरात ठेवायला बंदी आहे. ओहायोत भाच्याच्या सापाला कोणाची हरकत नव्हती. कोणाची म्हणजे सरकारची. ताईची होती.

या सापाला तिकडे ‘कॉर्न स्नेक’ म्हणतात. मूळचा हा अमेरिकेच्या आग्नेय भागातला. बिनविषारी, सुमारे चार फूट लांब, नारिंगी अंगावर तांबडे डाग आणि पोटावर मक्याच्या कणसासारखी काळीपांढरी चौकट. भाच्याने त्याचे नाव ‘मका’ ठेवले आहे. ताई त्याला नावाने संबोधीत नसे. ती नुसते ‘ते’ म्हणे. “त्याचं खाणं झालं का? ते आत आहे ना?” दोन वर्षांत तिने त्या खोलीचा उंबरा ओलांडला नव्हता. एकदा मका झाकणाच्या फटीतून निसटला आणि तिसऱ्या दिवशी कपडे धुण्याच्या यंत्रामागे सापडला. ते तीन दिवस ताई खुर्चीवर मांडी घालून बसून होती म्हणे. फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात एका अंगाला खवलेला नारळ आणि दुसऱ्या अंगाला घट्ट झाकणाच्या डब्यात गोठवलेले उंदीर, अशी त्या घरातली वाटणी होती.

अशा घरात भाच्याला आता दुसरा साप हवा होता.

“मामा सांगेल तसं करू,” असे ताईने जाहीर करून टाकले. मी नाही म्हणेन अशी तिची खात्री होती. मी होय म्हणेन अशी भाच्याची होती. दाजी शहाणे, ते गवत कापायला अंगणात निघून गेले.

मी मराठी मनाला साजेल असाच पहिला प्रश्न केला. “मक्याला एकट्याला करमत नाही का रे?”

“मक्याला कोणी नको आहे, मामा,” तो म्हणाला. “साप एकटेच राहतात. एका पेटीत दोन ठेवले तर एकमेकांना त्रासच होतो. दुसरा साप मक्यासाठी नको आहे. मला हवा आहे.”

हे उत्तर मला फार आवडले. पहिल्याला सोबत म्हणून दुसरे मूल, थोरल्याला आधार म्हणून धाकटा भाऊ, अशी परोपकाराची वस्त्रे आपण आपल्या इच्छांना किती सहज नेसवतो! हा पोरगा आपली इच्छा आपल्याच नावावर मांडीत होता.

त्याने मला आपली वही दाखवली. दोन वर्षांत मक्याने कोणत्या तारखेला काय खाल्ले, वजन किती ग्रॅम झाले, कात केव्हा टाकली, याची त्यात नोंद होती. पेटीच्या एका टोकाला ८५ अंश फॅरनहाइट ऊब आणि दुसऱ्या टोकाला दहा अंशांनी कमी, असे तपमान रोज तपासलेले. सापाला स्वतःची ऊब नसते. ऊन हवे तेव्हा उन्हाशी आणि सावली हवी तेव्हा सावलीशी त्याला जावे लागते. घर देणाऱ्याने दोन्ही द्यायचे असते.

माझ्या मुक्कामातच मक्याने कात टाकली. ‘कात टाकणे’ हा वाक्प्रचार मी उत्तरपत्रिकांतून शेकडो वेळा वाचला आहे. संस्था कात टाकतात, शहरे कात टाकतात, साहित्य तर दर दशकाला कात टाकते! प्रत्यक्षात जे पाहिले ते निराळे होते. सापाला पापण्या नसतात. डोळ्यांवर पारदर्शक खवला असतो. कात टाकण्याआधी तो खवला दुधाळ निळा होतो आणि साप काही दिवस जवळजवळ आंधळा असतो. तो खात नाही, दडून राहतो. मग डोळे पुन्हा स्वच्छ होतात आणि त्यानंतर एके दिवशी तो नाक खडबडीत लाकडावर घासून कातडीतून, पायमोजा उलटा काढावा तसा, बाहेर येतो. वाक्प्रचाराने नवे अंग तेवढे उचलले, आंधळे दिवस सोडून दिले. ‘डूख धरणे’ आणि ‘सापाला दूध पाजणे’ यांचीही तीच कथा. साप सूड जपून ठेवीत नाही आणि दूध हे त्याचे अन्नच नव्हे. मराठी भाषेने या प्राण्याला न्याय दिलेला नाही, असे मला तिथे वाटले.

एका रविवारी आम्ही दोघे सापांच्या बाजाराला गेलो. मोठे सभागृह, लांबच लांब मेजे आणि त्यांवर झाकणाच्या छोट्या डब्यांतून बोटाएवढी पिल्ले. प्रत्येकावर जात, जन्मतारीख आणि किंमत. सर्वांत जास्त गर्दी ‘बॉल पायथन’पाशी होती. हा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला ठेंगणा अजगर. भ्याला की डोके मध्ये घेऊन अंगाचा चेंडू करतो, म्हणून हे नाव. बेनिन देशातल्या उइदा या गावी याच अजगरांचे देऊळ आहे आणि तिथे त्यांना कोणी मारीत नाही. एका गावचा देव दुसऱ्या गावच्या बाजारात रंगावारी विकला जातो! पांढरे, पिवळे, पट्टे पुसलेले असे कितीतरी वाण माणसाने पैदा केले आहेत. त्यांतल्या एका जाळीदार नक्षीच्या वाणात मान डुगडुगण्याचा दोष नक्षीबरोबरच वंशाने उतरतो. भाचा त्या डब्यापाशी थांबला, पिल्लाची हलणारी मान त्याने पाहिली आणि काही न बोलता पुढे गेला.

पुढे ‘किंग स्नेक’ होते. ते दुसरे सापही खातात, खुळखुळ्या सापाचे विषसुद्धा त्यांना बाधत नाही. त्यापुढे नाक वर उचललेले ‘हॉगनोज’; डिवचले की नागासारखी मान पसरतात आणि कधीकधी मेल्याचे सोंग करतात. ‘गार्टर स्नेक’ मासे आणि गांडुळे खातो हे ऐकून मी ताईचा नारळ डोळ्यांपुढे आणून लगेच त्याचा पक्ष घेतला. “पण सगळेच मासे चालत नाहीत,” भाचा म्हणाला. “काही माशांनी त्यांच्या अंगातलं ब-एक जीवनसत्त्व नाहीसं होतं.” एकाने आम्हांला ब्रह्मी अजगराच्या गोष्टी ऐकवल्या. हातभर पिल्लू म्हणून घ्यायचे आणि ते पंधरा फुटांचे झाले की रानात सोडून द्यायचे, असे फ्लोरिडात अनेकांनी केले. एव्हरग्लेड्सच्या दलदलीत आज त्यांचीच वस्ती माजली आहे आणि तिथले ससे, रॅकून यांचा फडशा पडला आहे. २०१२ साली अमेरिकेने या अजगराची आयात बंद केली. पण सोडलेला साप कायदा वाचून परत येत नाही.

त्या दिवशी आम्ही रिकाम्या हातांनी परतलो. रात्री जेवताना ताईने खरा प्रश्न विचारला.

“तीन वर्षांनी तू कॉलेजला जाशील. वसतिगृहात साप ठेवू देतात का? ते अजगर जगतं किती वर्षं?”

“वीस, तीस,” भाचा पुटपुटला. सेंट लुइसच्या प्राणिसंग्रहालयात १९६१ साली आणलेल्या बॉल पायथनच्या मादीने २०२० साली अंडी घातली होती, हेही त्याला ठाऊक होते. पण ते त्याने मला नंतर सांगितले.

“म्हणजे मी अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी उंदीर कोमट पाण्यात भिजत घालीत बसू?” ताईचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरे झाले असते. “मला सापाची भीती वाटते, ती एक. पण तुम्ही आणता आणि निघून जाता, ही दुसरी.”

कोणी काही बोलले नाही. ती एकट्या सापाविषयी बोलत नव्हती, हे दाजींनाही कळले असावे. परदेशातल्या त्या मोठ्या घरात तीन वर्षांनी जी शांतता येणार होती, तिची पावले तिला आधीच ऐकू येत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाच्याने माझ्यापुढे एक कागद ठेवला. उभे रकाने पाडून त्यात सापांच्या जाती लिहिल्या होत्या. लांबी, आयुष्य, खाणे, पेटीचा आकार, स्वभाव. बॉल पायथनपुढे ‘महिनोन्महिने उपाशी राहतो, आई घाबरेल’ असा शेरा. शेवटच्या रकान्याला मथळा होता, ‘आईला जमेल का?’ बहुतेक ठिकाणी त्यात फुली होती. एका नावापुढे प्रश्नचिन्ह होते. केनियन सँड बोआ.

मी चित्र मागितले. आखूड, जाड अंग, बारीक डोळे, बोथट शेपटी. पूर्व आफ्रिकेच्या वाळूत पुरून राहणारा, फक्त डोळे वर ठेवून भक्ष्याची वाट पाहणारा. नर जेमतेम दीड फुटाचा. रंग तेवढा नारिंगी, त्यावर तपकिरी डाग.

“ताई,” मी हाक मारली, “हे बघ. हे तर मांडूळ!”

ती हात पुसत आली. चित्राकडे तिने लांबूनच पाहिले आणि मग चष्मा आणायला गेली. शास्त्रज्ञांनी या सापाला आणि आपल्या मांडुळाला एकाच कुळीत, ‘एरिक्स’मध्ये बसवले आहे, हे भाच्याने सांगितले. ताईला शास्त्रज्ञांची गरज नव्हती. माणदेशातल्या आमच्या रानात नांगराच्या तासात मांडूळ निघाले की आबा औत थांबवीत. ते हातांनी उचलून बांधावर सोडीत आणि म्हणत, “हे उंदीर खातं, आपलं धान्य राखतं.” लहानपणी ताईने ते हातात धरले होते. मी धाकटा, मी मागे उभा होतो.

“त्याला दोन तोंडं असतात म्हणायचे लोक,” ती म्हणाली. “आबा हसायचे. शेपूटच आहे, म्हणायचे.”

त्याच दोन तोंडांच्या भाकडकथेपायी आज महाराष्ट्रात मांडुळाची चोरटी विक्री होते. गुप्तधन मिळते, औषध होते असे सांगून लाखोंचे सौदे ठरतात आणि वर्तमानपत्रांत जप्तीच्या बातम्या येतात. आबांनी बांधावर सोडलेला जीव पोत्यात घालून फिरवला जातो. भाच्याला हे मी सांगितले तेव्हा तो म्हणाला, “म्हणून रानातून पकडलेला घ्यायचा नाही, मामा. घरीच जन्मलेला, ज्याचे आईबाप दाखवता येतील असाच घ्यायचा.”

मी निघण्याच्या आठवड्यात तो घरी आला. आल्याआल्या त्याला मक्याच्या खोलीत नेले नाही. नव्या सापाला उवांसारखी गोचिडे किंवा रोग असेल तर पहिल्याला लागू नये, म्हणून काही आठवडे वेगळ्या खोलीत ठेवायचे असते. वेगळी खोली म्हणजे ताईच्या शिवणयंत्राची खोली. ती तिने स्वतःच सुचवली. आम्ही कोणी त्यावर भाष्य केले नाही.

मामाने निकाल काय दिला, असे कोणी विचारील. मी काहीच दिला नाही. तो त्या शेवटच्या रकान्यात आधीच लिहिलेला होता. मुलाने पहिला साप आणला तेव्हा साप तेवढा पाहिला होता. दुसरा निवडताना त्याने घर पाहिले, वर्षे मोजली आणि त्या वर्षांत मागे कोण उरणार आहे हेही पाहिले. प्रेमाला परतफेडीची आशा नसावी, असे आपण म्हणतो. साप पाळणाऱ्याला ते निमूटपणे शिकावेच लागते, कारण साप ओळख देत नाही, शेपूट हलवीत नाही. पण सापाकडून शिकलेले आईपर्यंत नेणे हे काही साप शिकवीत नाही. ते ज्याचे त्याने करायचे असते.

परवा ताईचा फोन आला. भाचा शाळेच्या सहलीला गेला होता. “आज मीच खायला घातलं,” ती म्हणाली. “चिमट्यानं, हं. आधी काही हललं नाही. मग भुसा एकदम उसळला आणि तोंड तेवढं वर आलं. ते फार गुणी आहे रे.”

ती अजूनही ‘ते’च म्हणते. आता मात्र मी तिला दोष देणार नाही. मांडूळ हा शब्द मराठीत नपुंसकलिंगीच आहे, आणि आपण तान्ह्या बाळालाही ‘ते’च म्हणतो.