शेवटचा पाय जमिनीला लागेपर्यंत

पुण्यात स्वारगेटच्या आसपास ज्यांनी खेळ शिकवण्यात आयुष्य घालवलं, त्यांना मानवी मनोरा नवा नाही. जवळच गुलटेकडीला महाराष्ट्रीय मंडळाचं चंद्रशेखर आगाशे शारीरिक शिक्षण महाविद्यालय आहे. १९२४ मध्ये कॅप्टन शिवरामपंत दामल्यांनी हे मंडळ काढलं. अशा संस्थांतून तयार झालेल्या शिक्षकांनी लेझीम, डंबेल्स, कवायत आणि मनोरे शाळाशाळांत नेले. मीही त्याच वळणाचा. स्नेहसंमेलनात, आंतरशालेय स्पर्धांत मनोऱ्यांना गुण द्यायला मी वर्षानुवर्षं बसत आलो आहे, आणि त्यातली बरीच वर्षं माझं मत पक्कं होतं की मनोऱ्याची किंमत त्याच्या उंचीत असते. वरच्या मुलानं हात पसरून सलामी दिली की मी गुण मांडून मोकळा व्हायचो. माझ्या लेखी मनोरा तिथे पूर्ण झालेला असायचा.

हे मत आता माझं राहिलेलं नाही. आज मला विचाराल तर मनोऱ्याचे निम्मे गुण उतरण्याला हवेत, आणि शेवटचा पाय जमिनीला लागेपर्यंत परीक्षकानं गुणपत्रिका बंद करता कामा नये.

उंचीचं वेड मला कुठून लागलं, हे सांगणं अवघड नाही. जोगेश्वरीच्या जय जवान पथकानं २०१२ मध्ये ठाण्यात दहीहंडीला नऊ थर लावले, ४३.७९ फूट अशी त्याची गिनेस नोंद झाली. एक माणूस दुसऱ्याच्या खांद्यावर उभा राहिला की त्या थराची भर पाच फुटांच्या आतच पडते, म्हणजे हा मनोरा चारमजली इमारतीशी बरोबरी करतो. आणि त्यातले वरचे थर तर एक्के, म्हणजे एकावर एक एकटाच माणूस, शेजारी आधाराला कोणी नाही. हे मी पाहिलं तेव्हा अंगावर काटा आला होता, आजही येतो. त्यामुळे ऑगस्ट २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं हंडीला २० फुटांची मर्यादा घातली आणि १८ वर्षांखालच्यांना मनाई केली, तेव्हा मी चिडलो होतो. २० फूट म्हणजे चार थर. चार थर आमच्या शाळेतली मुलंही लावतात, मग पथकांनी वर्षभर घाम कशासाठी गाळायचा, असं मी चारचौघांत बोलायचो. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही ती मर्यादा सैल करायला नकार दिला. पुढच्या वर्षी उच्च न्यायालयानं उंचीचा प्रश्न राज्य सरकारवर सोपवला आणि वयाची अट १४ वर आली, तेव्हा मला न्याय झाल्यासारखं वाटलं होतं.

माझी उंचीवरची श्रद्धा पहिल्यांदा हलली ती एका अगदी परक्या खेळामुळे. अमेरिकेत चिअरलीडिंगचा ऑल-स्टार नावाचा प्रकार आहे. हे संघ कुठल्या शाळेच्या सामन्याला टाळ्या मिळवून द्यायला नसतात, ते फक्त स्पर्धेसाठी उभे राहतात. अडीच मिनिटांच्या सादरीकरणात कोलांट्या, झेल, मनोरे आणि नाच सगळं बसवायचं. एका विद्यार्थिनीनं मला त्याची चित्रफीत दाखवली आणि मी विचारलं, याचे थर किती? ती म्हणाली, अमेरिकेत शालेय संघांना दोन माणसांपेक्षा उंच मनोरा करायची परवानगीच नाही, महाविद्यालयांना अडीचपर्यंत. हे ऐकून मी तोंड फिरवणार होतो. पण ती चित्रफीत पुन्हा पाहिली. वरची मुलगी एका तळहातावर उभी, तिथून सुटून हवेत फिरली आणि दुसऱ्या गटाच्या हातांत आली. खालच्या चौघींनी तिला घेताना आपले गुडघे एकाच क्षणी दुमडले. हे सगळं दोन माणसांच्या उंचीत. परीक्षक तिथे अवघडपणाचे गुण वेगळे देतात, सफाईचे वेगळे, आणि पडलं, डळमळलं तर वजा करतात. संघाची पायरी ठरलेली असते आणि त्या पायरीला काय करता येईल, काय नाही, हे आधीच लिहिलेलं असतं. उंचीला छत घातलं तर कौशल्य मरतं, हा माझा जुना दावा तिथे टिकला नाही. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीनं २०२१ मध्ये या खेळाला पूर्ण मान्यता दिली ती याच नियमांच्या चौकटीत वाढलेल्या खेळाला.

तरी उतरण्याचा धडा मला अमेरिकेनं दिला नाही. तो दिला स्पेनमधल्या कातालोनियानं. तिथे आपल्यासारखेच माणसांचे मनोरे रचतात, कास्टेल म्हणतात त्यांना. नऊ, दहा थर, पायथ्याशी शेकडो माणसांचा घट्ट वेढा आणि टोकाला एक लहान मूल, जे हात वर करून खूण करतं. २०१० मध्ये युनेस्कोनं ही परंपरा आपल्या वारसायादीत घेतली. तारागोना शहरात १९३२ पासून या मनोऱ्यांच्या स्पर्धा होत आल्या आहेत, आणि कुठल्या मनोऱ्याला किती गुण याचा तक्ता आधीच ठरलेला असतो. या तक्त्यानं मला थांबवलं. मुलानं हात वर केला म्हणजे मनोरा ‘चढला’. पण पूर्ण गुण मिळतात तो न कोसळता ‘उतरला’ तरच. चढून पडलेल्या मनोऱ्याला गुण कमी. म्हणजे ज्या क्षणी मी पेन टेकवत होतो, त्या क्षणी तिथल्या परीक्षकांचं अर्धं काम बाकी असतं.

त्यानंतर मी आमच्या स्पर्धांत सलामीच्या पुढचं पाहायला लागलो, आणि जे दिसलं ते एकदा दिसल्यावर विसरता आलं नाही. चढताना मुलाचे डोळे वर असतात, हात आधार शोधत जातो. उतरताना पाय खाली चाचपडतो आणि त्याला खांदा दिसत नाही. खालच्या मुलांच्या मांड्या तोवर थरथरायला लागलेल्या असतात. वरून एक जण निघाला की भार एका बाजूला सरकतो आणि खालच्याला तो न हलता सोसावा लागतो. भरीला टाळ्या. टाळ्या पडल्या की सगळ्यांना वाटतं, झालं. वरचा मुलगा उडी टाकतो, मधला मान काढून घेतो, आणि जो मनोरा इतक्या शिस्तीत उभा राहिला तो विस्कटतो. शाळेच्या मैदानात फारतर कोपर खरचटतं. पण दर गोकुळाष्टमीला मुंबईच्या केईएम, नायर, शीवच्या रुग्णालयांत जे गोविंदा पोहोचतात, त्यांच्या बातम्या मी आता वेगळ्या नजरेनं वाचतो.

मल्लखांबात आम्हाला हे कळतं. संच कितीही सुंदर असू दे, शेवटच्या झेपेनंतर खेळाडू गादीवर डळमळला तर गुण कापले जातात, आणि त्याबद्दल कोणी तक्रार करत नाही. मनोऱ्याला आपण हाच न्याय का लावला नाही, याचं समाधानकारक उत्तर मला सापडलेलं नाही.

हंडीचं तर बक्षीसच थरांवर ठरतं. आठ थरांना इतके, नऊ थरांना इतके, आणि सलामी झाली की माइकवर रक्कम जाहीर. २०२२ मध्ये सरकारनं दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा दिला, मृत गोविंदाच्या वारसांना १० लाख आणि जखमींना भरपाई जाहीर केली. २०२३ पासून वरळीच्या डोममध्ये प्रो गोविंदा लीग सुरू झाली. मी या सगळ्याचं मनापासून स्वागत करतो. पण विमा पडल्यानंतर कामाला येतो. पडण्याआधी कामाला येतो तो बक्षिसाचा नियम. आयोजकांनी एवढंच करावं: रक्कम सलामीला जाहीर करू नये, सगळे थर शिस्तीत खाली आल्यावर करावी. गुरुपौर्णिमेपासून सराव करणारी पथकं मग उतरण्याचाही तितकाच सराव करतील, कारण ती पथकं जिथे मान मिळतो तिथे जीव ओततात.

पथकातला एक जुना मित्र माझ्याशी यावरून भांडतो. तो म्हणतो, “सर, उतरायला अर्धे गुण ठेवलेत तर पोरं नववा थर लावायला धजणारच नाहीत, आठावर थांबतील.” थांबतील, काही पथकं नक्की थांबतील. मला ते चालेल. नऊ लावून विस्कटणाऱ्या पथकापेक्षा आठ लावून एकेक पाय मोजून खाली येणारं पथक मी वर ठेवीन, आणि चौदा वर्षांच्या मुलाला टोकाला पाठवलं असेल तर हा फरक आणखी मोठा करीन. मित्राला हे अजून पटलेलं नाही. आम्ही दोघं मिळून एक तक्ता मांडायला बसलो आहोत: थरांचे गुण, एक्क्यांचे गुण, तळाच्या रचनेचे गुण आणि उतरण्याचे गुण. शेवटच्या रकान्यात तो तीस लिहितो, मी खोडून पन्नास करतो.