हप्ता कुणाचा, हिशेब कुणाचा?



आपल्या बीड जिल्ह्यात पारावर राजकारणाचे बोलणे निघाले की ते दोनच वाटांनी जाते. एक वाट उसाची, म्हणजे कारखाना, मुकादम आणि कोयता यांची. दुसरी पीकविम्याची. पहिल्या वाटेवर पुष्कळांनी पुष्कळ लिहिले आहे. दुसरीवर भांडणे फार होतात, मोर्चे निघतात, कचेऱ्यांना कुलपे लागतात. हिशेब मात्र शांतपणे कुणी मांडत नाही. आष्टीपासून परळीपर्यंत कुठेही गेलो तरी मला एकच प्रश्न येतो, "साहेब, विमा भरावा का नाही?" या प्रश्नाला हो किंवा नाही असे एका शब्दात उत्तर देणारा माणूस एक तर पुढारी असावा, नाही तर विम्याचा एजंट. मी दोन्ही नाही, म्हणून जरा लांबण लावतो. चुलीवरचे आधण उतरवून ठेवा आणि वाचा.

विमा ही गोष्ट नवी नाही. 1985 च्या खरिपात सर्वंकष पीकविमा योजना आली, ती सोसायटीचे कर्ज घेणाऱ्यांपुरती होती. 1999 च्या रब्बीपासून राष्ट्रीय कृषी विमा योजना सुरू झाली आणि बिगरकर्जदारालाही दार उघडले. 2016 च्या खरिपापासून प्रधानमंत्री पीकविमा योजना. नावे बदलली, सरकारे बदलली, पण एक गोष्ट सुरुवातीपासून तशीच आहे. भरपाई तुमच्या शेताकडे बघून ठरत नाही, ती मंडळाकडे बघून ठरते. हे मी सभांतून किती वेळा सांगितले असेल त्याला गणती नाही, आणि दर वर्षी कुणीतरी उठून विचारतोच, "माझे रान समूळ गेले, मग मला का नाही?"

त्याचे गणित असे. तुमच्या महसूल मंडळात मागच्या सात वर्षांत सोयाबीन किती पिकले ते बघायचे. त्यातली चांगली पाच वर्षे धरून सरासरी काढायची. समजा ती हेक्टरी दहा क्विंटल आली. तिचे सत्तर टक्के म्हणजे सात क्विंटल. याला उंबरठा उत्पादन म्हणतात. यंदा मंडळाची सरासरी साडेसात क्विंटल आली तर कुणालाच काही नाही, मग तुमच्या रानात गुडघाभर पाणी का साचलेले असेना. सरासरी पाच क्विंटल साठ किलो आली तर उंबरठ्यापेक्षा वीस टक्के कमी. विमा रक्कम हेक्टरी पन्नास हजार असेल तर दहा हजार मिळतील. आकडे समजुतीसाठी घेतले आहेत, रीत मात्र खरी आहे. आता आपल्या जिल्ह्याची गोम यातच आहे. सात वर्षांतली चार जर दुष्काळाची निघाली, तर चांगली पाच आणायची कुठून? वाईट वर्षे सरासरीत शिरतात, उंबरठा खाली जातो, आणि पुढच्या दुष्काळात तो ओलांडणे कंपनीला सोपे होते. ज्याला सर्वांत जास्त गरज, त्याचाच उंबरठा सर्वांत बुटका. माझ्या मते योजनेतला हा सर्वांत मोठा दोष आहे आणि त्यावर एकही मोर्चा निघालेला मी पाहिला नाही.

आता 2020 चे साल आठवा. टाळेबंदी होती, पाऊस वेळेवर होता, आणि खरिपाच्या तोंडावर बातमी आली की बीड जिल्ह्याचा विमा घ्यायला एकही कंपनी तयार नाही. कंपनी म्हणजे दुकान. ज्या गिऱ्हाइकाकडून तोटा येणार त्याला दुकानदार उधार देत नाही, यात राग मानण्यासारखे काही नाही. पण गिऱ्हाईक अडचणीत आले की दुकान बंद, तर ते दुकान कशाचे, असेही विचारले पाहिजे. शेवटी सरकारी भारतीय कृषी विमा कंपनीने काम हाती घेतले, आणि त्यासाठी जी अट ठरली तिलाच पुढे साऱ्या देशात 'बीड पॅटर्न' म्हणू लागले. आपल्या जिल्ह्याचे नाव दिल्लीपर्यंत गेले ते असे.

हा पॅटर्न म्हणजे काय? शेतकरी, राज्य आणि केंद्र या तिघांचा मिळून शंभर रुपये हप्ता जमला असे धरा. नुकसानभरपाई दीडशे रुपयांची निघाली, तर कंपनी एकशे दहापर्यंत देणार, वरचे चाळीस राज्य सरकार. उलट भरपाई साठच रुपये निघाली, तर कंपनीने वीस स्वतःकडे ठेवायचे आणि उरलेले वीस सरकारला परत द्यायचे. कंपनीचा तोटाही बांधला आणि नफाही बांधला. नियमन म्हणावे तर याला. 2021 च्या जूनमध्ये मुख्यमंत्री उद्धव ठाकरे पंतप्रधानांना भेटले तेव्हा हा पॅटर्न सगळ्या महाराष्ट्राला द्या असे त्यांनी मागितले, आणि 2022 च्या खरिपापासून तो राज्यभर आला. मधल्या काळात सरकार बदलले, पॅटर्न राहिला. म्हणजे त्यात काहीतरी तथ्य असले पाहिजे.

पण परत जाणारे ते वीस रुपये माझ्या डोळ्यात खुपतात. ते सरकारच्या तिजोरीत जातात. त्यात शेतकऱ्याचाही वाटा होता. चांगल्या वर्षी उरलेला पैसा त्याच जिल्ह्याच्या नावाने वेगळा ठेवला आणि वाईट वर्षी तोच काढला, तर बळद भरून ठेवल्यासारखे होईल. आपल्या आजोबांनी पेव काढले ते याच अकलेने. स्पेन देशात 1978 साली कायदा झाला आणि तिथल्या विमा कंपन्यांनी एकत्र येऊन शेतीच्या विम्यासाठी एकच सामाईक मंडळी केली. एका भागातला तोटा साऱ्यांनी वाटून घ्यायचा. तिथे एखाद्या जिल्ह्याला कुणी वाली नाही असे होत नाही. आपल्याकडे असे काही सुचवले की पुढारी मान डोलावतात आणि दुसऱ्या दिवशी विसरतात. जो सत्तेत असतो तो सभेत भरपाईचे आकडे वाचून दाखवतो, जो विरोधात असतो तो कंपनीच्या कचेरीपुढे बसतो. निवडणूक झाली की जागा बदलतात, सतरंजी तीच. मी कोणत्याही एका पक्षाला बोलत नाही, सगळ्यांच्या सभांच्या खुर्च्या मी पाहिल्या आहेत.

2023 च्या खरिपात एक रुपयात विमा आला. शेतकऱ्याचा वाटा एक रुपया, बाकी सगळे सरकार भरणार. गावोगाव आनंद झाला, आणि मी तेव्हाही म्हणत होतो की फुकटाच्या वस्तूची राखण कुणी करत नाही. अर्ज भरणाऱ्या सेवा केंद्राला अर्जामागे चाळीस रुपये कंपनीकडून मिळतात. शेतकऱ्याचा एक रुपया आणि केंद्राचे चाळीस, तेव्हा अर्ज वाढवण्याची घाई कुणाला असणार ते सांगायला नको. गायरानावर विमा निघाला, दुसऱ्याच्या सातबारावर निघाला, पेरलेच नाही अशा पिकाचा निघाला. लाखो बोगस अर्ज सापडल्याचे सरकारनेच सांगितले, आणि त्यात आपल्या जिल्ह्याचे नाव ठळक होते. परगावच्या बैठकीत "तुम्ही बीडचे ना?" म्हणून लोक हसायचे. ज्याने दोन एकर कापूस खरोखर लावला त्या माणसाची मान खाली गेली, करणारे मात्र नामानिराळे राहिले.

चोर पकडण्यापेक्षा दुकानच लहान करणे सरकारला सोपे वाटले. 2025 च्या खरिपापासून एक रुपया गेला. खरिपाच्या पिकाला विमा रकमेच्या दोन टक्के, रब्बीला दीड आणि कापूस, कांदा यांसारख्या नगदी पिकांना पाच टक्के हा मूळचा हप्ता परत आला. त्याचे मला वाईट वाटत नाही. वाईट वाटते ते दुसऱ्या गोष्टीचे. पेरणीच न होणे, हंगामाच्या मध्यातली आपत्ती, गारपीट किंवा पुरासारखे स्थानिक नुकसान, आणि काढून ठेवलेले पीक भिजणे, या चार कारणांनी मिळणारी भरपाई राज्याने काढून टाकली. बहात्तर तासांत कळवा, पंचनामा करा, ही जी धावपळ होती ती संपली, आणि तिच्याबरोबर आधारही संपला. उरला फक्त पीक कापणी प्रयोग. आणि नेमके त्याच साली सप्टेंबरात मराठवाड्यावर आभाळ फाटले. सिंदफणा आणि गोदावरीकाठच्या गावांतून माती वाहून गेली. राज्याने ऑक्टोबरात मोठे मदतीचे पॅकेज जाहीर केले, पण मदत वेगळी आणि विमा वेगळा. मदत सरकारच्या मनावर असते. विम्यासाठी तुम्ही हप्ता भरलेला असतो, तो हक्क आहे. केंद्राने पुढे नोव्हेंबरात रानडुकरांसारख्या वन्य प्राण्यांचे नुकसान 2026 च्या खरिपापासून विम्यात घेण्याचे जाहीर केले. डुक्कर आत आले आणि पूर बाहेर राहिला, असे आमच्या कचेरीतला शिपाई म्हणाला. सरकारी नोकराने यावर हसू नये.

तेव्हा आता सगळा भार कापणी प्रयोगावर आहे. काही पिकांत उपग्रहाच्या मदतीने काढलेल्या उत्पादनालाही वजन दिले जाते, पण मुख्य आधार दोरी, चार खुंट्या आणि तराजू हाच. मंडळातली थोडी गावे, गावातली थोडी शेते, शेतातला ठरलेल्या मापाचा एक तुकडा. तो कुठे पडायचा ते आम्ही ठरवत नाही, चिठ्ठीसारखे आकडे ठरवतात. त्या तुकड्यातले धान्य बडवून, पाखडून, तोलून जे वजन निघेल त्यावर हजारो एकरांचा निकाल.

वडवणी तालुक्यात एकदा सोयाबीनचा असा प्रयोग होता. तुकडा पडला तो शेताच्या चिबड कोपऱ्यात. शेताचे मालक म्हातारबा, डोक्याला पटका, रानावर फार जीव. ते म्हणू लागले, "साहेब, हा कोपरा सोडा. तिकडे मधोमध धरा, बघा कसे भरले आहे. माझ्या रानात एवढेच पिकते असे कागदावर नका लिहू." बांधावर जमलेले भाऊबंद त्यांना खुणा करत होते, गप बसा म्हणून. कंपनीचा पोरगा मोबाईलवर फोटो काढत होता आणि त्यालाही मधोमधचे रानच जास्त पसंत होते. मी दोरी होती तिथेच ठेवली. वजन आले ते लिहिले, सह्या घेतल्या. म्हातारबांनी त्या दिवशी मला चहा विचारला नाही. त्यांची अब्रू मला कळत होती. पण त्यांच्या अब्रूचा हिशेब साऱ्या मंडळाला पडला असता. आणि समजा तुकडा मधोमध पडला असता आणि भाऊबंदांनी कोपऱ्याचा आग्रह धरला असता, तरी मी तेच केले असते.

माझी तक्रार कंपनीपेक्षा आपल्यावर आहे. मोर्चाला पाचशे माणूस जमते, कापणी प्रयोगाला पाच जमत नाहीत. ग्रामसेवक, तलाठी, कृषी सहायक यांना शंभर कामे. कुणी बघायला नसेल तर प्रयोग कधीकधी कचेरीत बसूनही होतो, हे खात्यातला माणूस असून मी लिहितो आहे. गावात कोणत्या गटात प्रयोग पडला ते विचारण्याचा तुम्हाला अधिकार आहे. तोलताना उभे राहा. ओल्या धान्याचे वजन लिहिले तर वाळल्यानंतरचे पुन्हा तोलले का, हे विचारा. ओल्या सोयाबीनचे वजन फसवे असते आणि ते तुमच्या विरुद्ध जाते.

राहिला पहिला प्रश्न, भरावा का नाही. ज्याचे रान नदीकाठी एकटेच बुडते, त्याला आताच्या नियमात विमा फारसा उपयोगी नाही. ज्याच्या सगळ्या मंडळाला पावसाचा खंड एकदम बसतो, म्हणजे शिरूर, पाटोदा, आष्टीचा बालाघाटाचा पट्टा, त्याने सोयाबीनला दोन टक्के भरायला हरकत नाही. कापसाचे पाच टक्के भरण्याआधी मंडळाचे उंबरठा उत्पादन तालुका कृषी कार्यालयात विचारून घ्या. तो आकडा मंडळागणिक वेगळा असतो. भरायचा असेल तर शेतकरी ओळख क्रमांक काढून ठेवा, ई-पीक पाहणी स्वतः करा, दुसऱ्याच्या मोबाईलवर सोडू नका. जे पेरले तेच नोंदवा. अर्जाची पावती घरी आणून ट्रंकेत ठेवा, सेवा केंद्रात ठेवून येऊ नका.