बर्फावरची फटफटी

सारा जन्म इंदुरात गेलेल्या आमच्यासारख्या माणसाचा बर्फाशी परिचय तो किती असणार? लाकडाच्या भुशात गुंडाळून येणारी लादी आणि उन्हाळ्यातील रंगीत गोळा, एवढाच. त्यामुळे गेल्या जानेवारीत कॅनडातील रेव्हलस्टोक या गावी चिरंजीवांच्या दारात उतरलो आणि निम्म्या खिडकीपर्यंत चढलेला बर्फ पाहिला, तेव्हा काही क्षण आम्ही नुसतेच उभे राहिलो. सेल्कर्क आणि मोनॅशी या दोन पर्वतरांगांच्या मध्ये, कोलंबिया नदीच्या काठी वसलेले हे रेल्वेचे गाव. चिरंजीव तेथे रेल्वेतच नोकरीस आहेत.

त्यांचे आणि आमचे बोलणे बेताचेच. आमच्या घरातील बापलेकांचे टपालखाते त्यांच्या मातोश्री सांभाळीत. २०२१ साली त्या गेल्या आणि ते खाते बंद पडले. फोनवर हवापाणी तेवढे उरले.

या अबोल्याचे मूळ मात्र १९९६ सालचे. चिरंजीव तेव्हा अठरा वर्षांचे. आमच्या जुन्या राजदूतचे मडगार्ड उतरवून ते सिमरोळच्या घाटात शर्यत लावावयास गेले आणि गळ्याजवळचे हाड मोडून घेऊन आले. ते खाटेवर होते तेवढ्यात आम्ही गाडी भंगारात काढली. भीतीपोटी काढली, परंतु भीतीपोटी काढली, हे त्यांना कधी सांगितले नाही. हाड सहा आठवड्यांत जुळून आले.

असो. रेव्हलस्टोकला पोहोचल्याच्या तिसऱ्या दिवशी आम्ही सहज गॅरेजात डोकावलो. पाहतो तो चिरंजीव ४५० सी.सी.च्या एका मोटारसायकलीची दोन्ही चाके काढून बसलेले. गाडी रानावनात, मातीत पळवावयाची.

"विकतोस काय रे?" आम्ही विचारले.

"नाही बाबा. बर्फावर चालवायची आहे."

चाक बर्फावर का चालत नाही, हे माळव्याच्या माणसास समजावून सांगावे लागत नाही. पावसाळ्यात काळ्या मातीत रुतलेल्या गाडीखाली ज्याने फळी सारली आहे, त्यास यातील तत्त्व ठाऊक असते. भार अधिक जागेवर पसरला की रुतणे कमी. गाडी आणि स्वार मिळून दोनशे किलोंच्या घरात. आणि चाक टेकते ते तळहाताएवढ्या जागेवर. म्हणून पुढल्या चाकाच्या जागी फोर्कला एक रुंद स्की जोडतात. मागले चाक, त्यास धरणाऱ्या दांड्यासह निघते आणि तेथे रबरी पट्ट्याचा सांगाडा बसतो. आमच्यासमोरील पट्ट्याचा वेढा १२० इंचांचा होता आणि त्यावर बोटभर उंचीचे रबरी दात होते. इंजिनाची साखळी आधी मधल्या एका दांड्यास फिरविते. तेथून दुसरी साखळी पट्टा ओढणाऱ्या चक्रांस. पुढला ब्रेक चाकाबरोबरच जातो, आणि गाडी थांबविण्याचे सारे काम पट्ट्याच्या ब्रेकावर येऊन पडते.

एवढ्याने भागत नाही. आपल्याकडे इंजिन फार तापू नये ही चिंता. तेथे ते पुरेसे तापत नाही ही. त्यासाठी थर्मोस्टॅट बसवावा लागतो, रेडिएटर काही अंशी झाकावा लागतो. उडालेला बर्फाचा भुगा हवेच्या फिल्टरवर थापला जाऊन इंजिनाचा श्वास कोंडू नये, म्हणून हवेची वाटही निराळी करावी लागते.

आम्ही वाकून साखळीला बोट लावले. "ही फार ताणली आहेस. बेअरिंग खाईल."

चिरंजीवांनी आमच्याकडे पाहिले आणि न बोलता पाना पुढे केला.

पुढे चार संध्याकाळी आम्ही दोघे त्या गॅरेजात होतो. हात कामात असले की माणूस बोलतो. एके दिवशी त्यांनी आम्हांस जोसेफ-आर्मां बोंबार्दिए याची हकीकत सांगितली. क्वेबेक प्रांतातील वालकूर येथील हा मुलगा. १९२२ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, त्याने मोटारीचे जुने इंजिन आणि लाकडी पंखा जोडून बर्फावर धावणारी घसरगाडी केली. उघडा फिरणारा तो पंखा पाहून बाप हादरला आणि त्याने ती गाडी मोडावयास लावली. पुढे हा मुलगा स्वतः बाप झाला. १९३४ च्या हिवाळ्यात त्याचे दोन वर्षांचे बाळ पोटाच्या विकाराने आजारी पडले. बर्फाने रस्ते बुजलेले, रुग्णालय गाठता आले नाही, आणि बाळ गेले. त्याने बर्फावर चालणाऱ्या वाहनांचा ध्यास सोडला नाही. १९३७ साली दातेरी चक्र आणि पट्ट्याच्या रचनेचे पेटंट त्यास मिळाले आणि १९५९ साली त्याची 'स्की-डू' ही गाडी बाजारात आली. आज जगभर बर्फावर धावणाऱ्या गाड्यांच्या कुळात तिला मानाचे स्थान आहे.

हकीकत सांगून चिरंजीव पुन्हा बोल्ट आवळू लागले. आम्हांस मात्र त्या बाळाच्या आजोबांचा विचार सोडीना. गाडी मोडावयास लावणारा तो बाप चुकला होता, असे आम्हांस आजही म्हणवत नाही.

गाडी तयार झाली आणि आमची झोप उडाली. त्या डोंगरांत हिमलोट कोसळतात. माणूस खाली गाडला गेला, तर पहिली दहा-पंधरा मिनिटेच काय ती हाती असतात. हे चिरंजीवांनीच सांगितले. मग त्यांनी आम्हांस अंगणात नेले. छातीशी बांधावयाचे एक लहानसे यंत्र त्यांनी आमच्या हाती दिले आणि तसेच दुसरे बर्फात कोठेतरी पुरून ठेवले. पुरलेले यंत्र रेडिओलहरींनी साद घालते. हातातील यंत्र बाण आणि अंतराचे आकडे दाखविते. आकडा घटत जाईल तसे सरकावयाचे, जवळ येताच लांब सळईने टोचून पाहावयाचे आणि फावड्याने उकरावयाचे. सोबत जाणाऱ्या दोघा मित्रांपाशीही हीच तीन साधने असत.

पहिल्या दिवशी आम्हांस नऊ मिनिटे लागली. दुसऱ्या दिवशी पाच.

शनिवारी पहाटे चिरंजीवांनी हिमलोटांच्या धोक्याचे त्या दिवसाचे पत्रक वाचले आणि आम्हांसही वाचावयास दिले. पलीकडल्या उंच उतारांवर धोका होता. म्हणून खालच्या दाट झाडीतली वाट ठरली. गाडी ट्रकवर चढवून ते निघाले, तेव्हा सत्तावीस वर्षांहून अधिक काळ अडलेले वाक्य आमच्या तोंडून निघाले.

"मला फार भीती वाटते रे. तेव्हाही वाटली होती."

ते थबकले. "आई म्हणायची तसं," ते म्हणाले. "मला वाटायचं, ती आपली समजूत घालते." आणि थोड्या वेळाने, "चारला येतो, बाबा."

आम्ही त्यांना अडविले नाही. दिवसभर मात्र घड्याळासमोरून उठलो नाही.

चार वाजून दहा मिनिटांनी ट्रक दारात आला. चिरंजीवांच्या भुवयांवर बर्फ होता आणि चेहरा अठरा वर्षांचा. "साखळी थोडी सैल पडली आहे," ते म्हणाले.

"उद्या पाहू," आम्ही म्हणालो आणि चहा टाकावयास आत वळलो.