हौद्यावरचं कापड

गाडी घरी आली त्याला आठवडा झाला होता. नवी बोलेरो पिकअप, पांढरी, हौदा ९ फूट लांब आणि साडेपाच फूट रुंद. हडपसरच्या आमच्या रोपवाटिकेच्या फाटकाशी ती उभी होती, हार उतरलेला, नंबर लागलेला, पण हौदा अजून उघडाच. मुलगा म्हणाला, "आई, वर काय टाकायचं ते या रविवारी उरकून टाकू." मी म्हटलं, "उरकायचं काम नाही ते. मला दोन दिवस दे."

त्याने मोबाइल पुढे धरला. त्याच्या एका मित्राकडे टोयोटाची हायलक्स आहे. तिच्या हौद्यावर ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांचं, दुकानाच्या शटरसारखं गुंडाळलं जाणारं झाकण बसवलेलं. अमेरिकेत त्याला टोनो कव्हर म्हणतात, तिथे पिकअप घेतली की हे झाकण कोणतं घ्यावं यावर लोक महिनामहिना विचार करतात, असं त्याने सांगितलं. कुलूप लागतं, पाणी आत जात नाही, दिसायला सुरेख. मला ते मनापासून आवडलं. पण एक गोष्ट लगेच डोळ्यांत भरली. ते झाकण फाळक्याच्या काठाला लागून सपाट बसतं. म्हणजे माल काठाच्या खाली राहणार, हे त्यात धरूनच चाललेलं आहे. हत्यारांची पेटी, सहलीचं सामान, सायकली आडव्या टाकून नेणाऱ्या माणसाला ते योग्यच. आपल्याकडे माल फाळक्यापाशी संपत नाही, तिथून वर चढतो. फ्लॉवरची पोती, मंडपाच्या कनाती, लग्नातलं कपाट, आमची आंब्याची आणि चाफ्याची रोपं, सगळं काठाच्या वर उभं. त्याला झाकण पुरत नाही. त्याला कापड लागतं, कारण कापड मालाचा आकार घेतं.

आणि कापड म्हटलं की माझ्या घरात एकच शब्द होता, ताडपत्री.

इंग्रजीतला मूळ शब्द टारपॉलिन. जहाजावरचं डांबर फासलेलं कापड. तो शब्द आपल्या जिभेवर आला आणि ताडाच्या पानाजवळ जाऊन बसला. मला हे फार आवडतं. पानांनी पाऊस अडवणं आपल्याला परकं नाही. कोकणात भातलावणी करणाऱ्यांच्या पाठीवर बांबूच्या सांगाड्याचं, पानांनी शाकारलेलं इरलं असे. घाटावर गोणपाटाची किंवा घोंगडीची खोळ. ताडपत्री ही त्यांच्याच कुळातली, फक्त तिच्याखाली माणसाऐवजी माल.

आमच्या घरी मात्र ती आधी माणसांवर आली. आजीचं घर शनिवार पेठेत, नदीच्या अंगाला होतं. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचं. माझे वडील, आबा, तेव्हा १२ वर्षांचे. घर गेलं, भांडीकुंडी गेली. पुढे पूरग्रस्तांना अर्धगोल पत्र्याच्या निसेन हट मिळाल्या, त्यात आजीच्या कुटुंबालाही जागा मिळाली. पण त्याआधीच्या काही रात्री ओळखीच्या एका ट्रकवाल्याने दिलेल्या ताडपत्रीखाली गेल्या. सुती कॅनव्हासची जाड, मेणवलेली ताडपत्री. दोन बांबू आणि एक भिंत यांच्यावर ती ताणली होती. आजी मुलांना सारखी बजावायची, वर हात लावू नका. कॅनव्हासची गंमत अशी असते की भिजल्यावर त्याचा सुती धागा फुगतो आणि विणीतली भोकं आपोआप बुजतात. मग पाणी वरून वाहून जातं. पण आतून कुणी बोट टेकवलं, की नेमक्या त्या जागेवरून ठिबकायला लागतं. आबांच्या धाकट्या भावाने बोट लावलं आणि रात्रभर आजीच्या उशाशी थेंब पडत राहिला. ही गोष्ट आबा आम्हाला इतक्या वेळा सांगायचे की तो थेंब मी स्वतः पाहिल्यासारखा मला आठवतो.

आबा मोठेपणी ट्रकवर क्लीनर झाले, मग चालक, आणि मी शाळेत जायला लागले त्या सुमारास त्यांनी स्वतःचा टेम्पो घेतला. आकुर्डीच्या बजाज टेम्पोची मॅटॅडोर, जुनी घेतलेली. टेम्पो हे मुळात जर्मनीतल्या एका कंपनीच्या गाड्यांचं नाव. पुण्यात ते इतकं मुरलं की माल नेणारी कुठलीही लहान गाडी म्हणजे टेम्पो. आम्ही नाना पेठेतल्या वाड्यात राहायचो. गाडी रस्त्यावर लागायची, पण ताडपत्री घरात यायची. ती कधीच गाडीवर राहिली नाही. पावसाळ्यात ती वाड्याच्या लाकडी कठड्यावर पसरलेली असायची, कारण कॅनव्हास ओला गुंडाळला की त्याला बुरशी धरते आणि मग तो कागदासारखा फाटतो. भिजलेली ताडपत्री एकट्याने उचलायची नसे. एका टोकाला आबा, दुसऱ्याला आई. आई दाभण आणि मेणाची सुतळी घेऊन तिचे उसवलेले काठ शिवायची. उन्हाळ्यात आम्ही चौकात तिच्यावरच झोपायचो. मेण, डिझेल, कांदा आणि ऊन यांचा मिळून एक वास तिला होता. तो मला आजही कुठे आला तर मी थांबते.

पालख्या पुण्यात मुक्कामाला आल्या की तुकोबांची पालखी आमच्या घराजवळ, निवडुंग्या विठोबाच्या देवळात. त्या दोन दिवसांत आबा भाडं घेत नसत. ताडपत्री चौकात अंथरलेली आणि तिच्यावर वारकरी पाठ टेकून पडलेले. त्यांच्या अंगावर मेणकापडं, उशाला पिशव्या. पालखी हलली की आई ती धुऊन वाळवायची आणि तिसऱ्या दिवशी ती पुन्हा गुलटेकडीच्या मार्केट यार्डातल्या भुसार मालावर.

माझ्या मनात मात्र या सगळ्यापेक्षा एक दिवस जास्त रुतून बसलेला आहे. १९८६ चा श्रावण. मी १५ वर्षांची. पेणहून शाडूचे गणपती आणायचे होते आणि रविवार असल्यामुळे आबांनी मला सोबत घेतलं. कॅनव्हास खूप जुना झाला होता, म्हणून त्यांनी त्या महिन्यात प्लास्टिकची नवी ताडपत्री घेतली होती. निळी, हलकी, एका हाताने उचलता येणारी. आईला फार आनंद झाला होता, तिची पाठ सुटली म्हणून. मूर्ती पेंढ्यात बसवल्या, वरून कापड ओढलं, कड्यांत दोरी ओवून आवळलं आणि आम्ही निघालो.

खोपोली सोडली आणि बोरघाटात पावसाने गाठलं. वायपर चालेना. आबा काचेबाहेर हात काढून फडक्याने काच पुसत होते. समोरून उतरणाऱ्या एका ट्रकने दिवे मारले, त्यातल्या माणसाने हात बाहेर काढून वर-खाली हलवला, मागे बोट दाखवलं. आबांनी गाडी कडेला घेतली. मागे जाऊन पाहतात तर कापडाचा पुढचा काठ सुटलेला, वारा आत शिरून ते फुग्यासारखं उठत होतं आणि मूर्तींवर आपटत होतं. मागच्या बाजूला उलटं झालेलं. तिथे मध्यभागी पाणी साचून झोळी झाली होती आणि ती झोळी सरळ मूर्तींच्या मुकुटांवर टेकलेली. मी हौद्यात चढले आणि खालून दोन्ही तळव्यांनी ती झोळी वर उचलून धरली. घडाभर पाणी बाहेर ओसंडलं. तोवर ७ मूर्ती गेल्या होत्या. कुणाची सोंड, कुणाचा अभयाचा हात. शाडू ही कच्ची माती. ती भाजलेली नसते, तिला पाणी सोसत नाही. एका गणपतीचा चेहरा नुसता मऊ होऊन खाली ओघळला होता आणि डोळे तेवढे रंगवलेले तसेच होते.

आबा रडले. मी त्यांना त्याआधी रडताना पाहिलं नव्हतं. पुण्यात पोचल्यावर त्यांनी सातही मूर्तींचे पैसे भरून दिले, कुणी मागायच्या आत. आणि दुसऱ्या दिवशी लोहाराकडे जाऊन हौद्याला ४ कमानी करून घेतल्या. त्या रात्री जेवताना ते आईला म्हणाले, "आई सांगायची ते विसरलो मी. कापडाने आतल्याला शिवायचं नसतं."

मला वाटतं, हौद्यावर काय टाकावं याचं सगळं शास्त्र या एका वाक्यात आहे. कापड किती चांगलं, हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न, ते कशावर उभं राहणार. कमान असेल तर पाणी उतरून जातं, झोळी होत नाही, आत हवा फिरते. कमान नसेल तर महागातलं कापडसुद्धा मालाच्या अंगावर ओझं होऊन पडतं. आणि दुसरी गोष्ट त्या घाटाने शिकवली ती पुढच्या काठाची. केबिनकडचा काठ आधी बांधायचा आणि सगळ्यांत घट्ट बांधायचा. बाजूच्या घड्या अशा घालायच्या की त्यांची तोंडं मागे राहतील. वारा समोरून येतो. त्याला शिरायला जागा दिली की पुढचं काम तोच करतो.

म्हणून मुलाला मी आधी वर्कशॉपमध्ये नेलं. एक इंची पाइपच्या ५ कमानी, काढता-घालता येतील अशा, खोबणीत बसणाऱ्या. त्यानंतर कापड. रोपवाटिकेचा माल दोन स्वभावांचा. कोकोपीट, शेणखत, गांडूळखत यांना पाणी लागू द्यायचं नाही. रोपांचं उलट. एप्रिलमध्ये प्लास्टिकच्या ताडपत्रीखाली जाईजुई दोन तास ठेवा, पानं शिजल्यासारखी होतात. उघड्यावर न्या, तर वेगाच्या वाऱ्याने ती होरपळतात, कोवळे शेंडे काळे पडतात. कांद्याचंही असंच आहे, त्याला कोंडलं की तो घामेजतो आणि सडतो. जुना कॅनव्हास थोडा श्वास घेऊ द्यायचा, प्लास्टिक तेवढा देत नाही. तेव्हा आम्ही ठरवलं की रोपांना ५० टक्के सावलीची हिरवी जाळी, खताला ताडपत्री, आणि दोन्ही त्याच कमानींवर.

बोहरी आळीत गेलो. मापाचं गणित मी घरूनच करून आणलं होतं. हौदा ९ बाय साडेपाच, कमानीवरून चारही बाजूंना फाळक्याच्या खालपर्यंत उतरायला चार-चार फूट आणि वर थोडी ढील, म्हणून कापड १५ बाय १८. दुकानदार म्हणाला, "ताई, ही घ्या, २५० जीएसएमची आहे, दहा वर्षं बघायला नको." जीएसएम म्हणजे एका चौरस मीटरचं वजन, ग्रॅममध्ये. १५ बाय १८ म्हणजे २७० चौरस फूट, साधारण २५ चौरस मीटर. २५० ची असेल तर सव्वासहा किलो भरायला हवी. मी काटा मागितला. साडेचार किलो भरली. म्हणजे १८०. दुकानदाराने काही न बोलता ती घडी करून ठेवली, आणि आम्हीही काही न बोलता पुढच्या दुकानात गेलो. तिथे मापात आणि वजनात उतरणारी मिळाली. काठात दोरी शिवलेली, कड्या पितळी, उन्हाला टिकणारी म्हणून लिहिलेली. ती उन्हाला टिकते का हे दोन पुणेरी उन्हाळे सांगतील. स्वस्त निळ्या कापडाचं काय होतं ते मी रोज बघते. वर्षभरात त्याचे तंतू सुटतात, हात लावला की चुरा होतो आणि तो चुरा मातीत जाऊन बसतो. रोपं विकणाऱ्या बाईला ते बघवत नाही.

पीव्हीसीचं जाड कापड मुलाने सुचवलं होतं. ६०० जीएसएमचं, म्हणजे याच मापाचं १५ किलो. कारखान्याच्या मालाला ते उत्तम. आमच्याकडे कापड दिवसातून चार वेळा चढतं-उतरतं आणि ते चढवायला बहुतेक वेळा मी आणि एक मदतनीस मावशी असतो. आईची पाठ मला आठवली आणि मी नको म्हटलं.

सासवड रस्त्याने येता-जाता खडी, वाळू आणि राडारोड्याने भरलेल्या गाड्या उघड्या धावतात, तेव्हा मला संताप येतो. बांधकामाचं साहित्य झाकल्याशिवाय वाहून नेऊ नये असा केंद्राचा नियम २०१८ पासून आहे. मागच्या दुचाकीवाल्याच्या डोळ्यांत जाणारी वाळू ही काही हवामानाची गोष्ट नाही. दोन-अडीच हजारांचं कापड आणि दहा मिनिटांची बांधणी, एवढाच तिचा उपाय आहे.

पहिल्या फेरीला आम्ही कोथरूडच्या एका सोसायटीत बकुळीची ४० रोपं नेली. जाळी मी स्वतः बांधली. मुलाने फोटो काढायला मोबाइल काढला, तेव्हा त्याला म्हटलं, आधी पुढचा काठ ओढून बघ. त्याने ओढून पाहिला, सैल होता, आम्ही सोडून पुन्हा बांधला.

आबांना जाऊन ११ वर्षं झाली. घाटात दिवे मारणाऱ्या त्या ट्रकवाल्याचा चेहरा आम्हाला कधीच दिसला नाही. त्याने आम्हाला थांबवलं नसतं, तर सगळ्या मूर्ती गेल्या असत्या. तेव्हा रस्त्यात एखाद्या टेम्पोचं कापड सुटून फडफडताना तुम्हाला दिसलं, तर पुढे निघून जाऊ नका. दिवे मारा, हात करा, चालकाला सांगा.