सिएनाची अर्धी भिंत

मास्तर माणूस परदेशी जाऊन आला, की चार लोकांना ते सांगितल्यावाचून त्याला चैन पडत नाही. मी तरी अपवाद कसा असणार? पुतण्या फ्लॉरेन्सला शिकतो. मे महिन्यात त्याच्याकडे गेलो होतो, तेव्हा एक दिवस आम्ही दोघे बसने सिएनाला गेलो.

विटांच्या अरुंद बोळांतून चालता चालता एकदम 'कांपो' हा चौक उघडतो. शिंपल्यासारखा उतरता, नऊ पाकळ्यांचा. एके काळी इथे नऊ जणांचे मंडळ कारभार पाही, त्याची ही खूण. चौकाच्या उताराशी नगरभवन आणि त्याचा मांजा मनोरा. त्याच्या चारशेवर पायऱ्या चढताना मला इतिहास आठवला नाही, गुडघे तेवढे आठवले!

पण ते असो. सांगायचे आहे ते कॅथीड्रलविषयी. काळ्यापांढऱ्या संगमरवरी पट्ट्यांची ही देखणी इमारत सिएनाकरांना लहान वाटू लागली. १३३९ मध्ये त्यांनी ठरवले, की हिला नुसती आडवी भुजा करायची आणि केवढे तरी मोठे मंदिर उभारायचे. भिंती चढल्या, कमानी उभ्या राहिल्या. आणि १३४८ मध्ये प्लेग आला. बांधकामात दोषही निघाले. १३५७ मध्ये काम सोडून दिले. नव्या दर्शनी भिंतीचा सांगाडा मात्र अजून उभा आहे. तिच्या भल्या मोठ्या खिडकीतून नुसते आकाश दिसते.

पुतण्या गप्प झाला. मीही. त्याचे वडील, म्हणजे माझे दादा, २०२१ च्या साथीत गेले. गावी त्यांनी काढलेले घर दोन खोल्यांच्या भिंतींपाशी थांबले आहे. बाकी नुसते जोते. "भाऊजी, विकायचं की पुरं करायचं?" वहिनी दर दिवाळीला विचारतात. मी दर दिवाळीला "बघू" म्हणतो.

"काका," पुतण्या म्हणाला, "यांनी पुरंही केलं नाही आणि सगळं पाडलंही नाही. जेवढं उभं राहिलं, तेवढं वापरात आणलं."

खरेच होते. त्या अपुऱ्या मंदिराच्या एका बाजूच्या कमानी बुजवून आत संग्रहालय केले आहे. जोव्हान्नी पिसानोने घडवलेल्या मूर्ती तिथे आहेत आणि भिंतीवर जाणारा जिनाही तिथूनच आहे. आम्ही वर गेलो, बराच वेळ उभे राहिलो.

खाली उतरल्यावर मी वहिनींना फोन केला. "दोन खोल्यांवर कौलं घालून घेऊ. जोतं राहू दे तसंच."

पलीकडे काही वेळ आवाज नव्हता. मग त्या म्हणाल्या, "चालेल. जोत्यावर पापड वाळत घालता येतील."

हा अंक तुमच्या हाती पडेल, तेव्हा आमचा आकाशकंदील त्या दोन खोल्यांसमोर लागलेला असेल.