पाळ्यांच्या मधल्या वेळेत

घुग्घुसमध्ये रिट्रीटचं वेळापत्रक दोनदा लिहावं लागतं. एक बाहेरून येणारे फादर सोबत घेऊन येतात: पहाटेची प्रार्थना, मनन, प्रवचन, मौन, जेवण, पुन्हा मनन, संध्याकाळी मिस्सा, रात्री आराधना. दुसरं इथली मंडळी त्याच कागदाच्या पाठीवर पेन्सिलीनं लिहितात. फस्ट शिफ्टवाले ड्यूटी सुटल्यावर आंघोळ करून येणार, सेकंडवाले डबा घेऊन मधूनच उठणार, आणि नाइटवाले खाणीतून थेट येऊन पहिल्या प्रवचनात डुलक्या घेणार, हे सगळं त्यात धरलेलं असतं. पहिल्या कागदाप्रमाणे काहीच होत नाही. दुसऱ्याप्रमाणे सगळं नीट पार पडतं.

उपवासकाळातल्या या साधनेला मी जाते ती पाहुणी म्हणून. आमचं घराणं प्रॉटेस्टंट. घरात जपमाळ नव्हती, फादरपुढे गुडघे टेकून पापं सांगण्याची रीत नव्हती. होतं ते खाकी कव्हर घातलेलं ‘उपासना संगीत’. आजोबा नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात शिकलेले आणि स्टीफन हिस्लॉपबद्दल घरच्या माणसासारखे बोलायचे. हा स्कॉटिश पाद्री 1845 मध्ये नागपूरला आला, शाळा काढली आणि सवड मिळेल तशी आमच्या या मुलखातले दगड गोळा करत हिंडला. चंद्रपूर जिल्ह्यातल्या मांगलीचे जीवाश्म त्याच्या खटपटीमुळे जगापुढे आले. 1863 च्या सप्टेंबरात टाकळघाटची दगडी वर्तुळं पाहून परतताना रात्री फुगलेल्या नाल्यात तो बुडाला. म्हणजे प्रार्थना आणि भूगर्भ ही जोडी आमच्याकडे कोळशाच्या कंपन्यांपेक्षा जुनी आहे, असं आजोबा म्हणायचे, आणि ते सांगताना त्यांचा चेहरा जरा जास्तच खुलायचा.

साधनेला बसणारी माणसं कोण? पिढ्यांपूर्वी तेलंगणातून खाणीवर आलेली तेलुगू कुटुंबं, दवाखान्यातल्या मल्याळी नर्सा, छत्तीसगड आणि झारखंडकडचे काही, आणि आम्ही मूठभर मराठी. प्रवचन हिंदीत, तेही कॉलरीच्या हिंदीत. गाणी पाळीपाळीनं. तेलुगू गाणं लागलं की मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्यासुद्धा टाळ्यांनी हॉल दणाणून सोडतात. मल्याळी गाणं संथ, आणि नर्सा ते डोळे मिटून म्हणतात. मग कुणीतरी म्हणतं, “आता मराठी होऊ द्या जी,” आणि आमच्याकडे पाहतं. आम्ही नारायण वामन टिळकांचं एखादं काढतो. पहिल्या कडव्याला तिघी, धृपदाला सगळे.

मग मौन लागतं. या गावात माणसानं तोंड उघडलं की तो कुठला, कोणत्या वॉर्डातला, पर्मनंट की ठेकेदाराकडचा, हे दोन वाक्यांत कळतं आणि त्याप्रमाणे त्याला खुर्ची मिळते. बोलणं थांबलं की ही सोय जाते. पण ओळख जात नाही, दुसरीकडून येते. चपलेच्या आवाजावरून, जिन्यावर लागणाऱ्या दमावरून, खोकल्यावरून. ताट धुताना कोण नळ चालू ठेवून निघून जातं आणि कोण तो पाठीमागून बंद करतं, यावरून. रोज माझ्या समोरच्या बाकावर बसणारा एक फस्ट शिफ्टवाला आहे. साबणानं घासूनपुसून, पांढराशुभ्र सदरा घालून येतो. तरी त्याच्या पापण्यांच्या मुळाशी कोळशाची बारीक रेघ उरलेली असतेच, बाळाला काजळ घातल्यासारखी. मनन करताना तो डोळे मिटतो तेव्हा ती रेघ जास्त ठळक दिसते. त्याचं नाव मला साधना संपेपर्यंत माहीत नव्हतं.

विपश्यनेला जाऊन आलेल्या आमच्या एका शेजारणीला हे मौन म्हणजे गंमत वाटते. इगतपुरीला दहा दिवस नजरेला नजर देत नाहीत, आणि तुम्ही मध्येच गाता काय, जेवताना बायबल ऐकता काय! तिचं म्हणणं खरं आहे. ख्रिस्ती मौन गळतं. त्यात गाणं शिरतं, वाचन शिरतं आणि घुग्घुसमध्ये सुरुंगही शिरतो. दुपारी खाणीत ब्लास्टिंग होतं. आधी सायरन, मग पायाखालून आलेला धक्का, मग खिडक्यांची तावदानं थरथरतात, आणि आवाज कानावर येतो तो या सगळ्याच्या शेवटी. बाहेरून आलेले फादर पहिल्या दिवशी पुस्तकावरून मान वर करतात. आमच्यातलं कुणी हलत नाही. वेदीवरच्या पांढऱ्या कापडावर तोवर करडी पूड बसलेली असते; सिस्टर ते रोज सकाळी बदलतात, दुपारी फडक्यानं झटकतात आणि त्याबद्दल अवाक्षर काढत नाहीत. भस्माच्या बुधवारी गेल्या वर्षीच्या झावळ्या जाळून केलेली राख कपाळाला लावतात, तेव्हा पोरं हळूच म्हणतात, फादर, झावळ्या कशाला जाळल्या, खिडकीवरून बोट फिरवलं असतं.

रिट्रीट म्हणजे माघार घेणं, दूर जाणं, असं आपल्या डोक्यात असतं. मल्याळी नर्सांकडून ऐकावं तर केरळातल्या मुरिंगूरच्या डिव्हाइन रिट्रीट सेंटरचं वर्णन जत्रेसारखं आहे: आठवडा-आठवड्याच्या साधना, वेगवेगळ्या भाषांचे वेगवेगळे हॉल, गाड्या भरभरून येणारी माणसं. त्यातल्या एकीला तिथं जाऊन मोठा धीर मिळाला, हे ती डोळ्यांत पाणी आणून सांगते आणि मी त्यावर वाद घालत नाही. पण मला स्वतःला लाउडस्पीकरवरचा पवित्र आत्मा फारसा मानवत नाही. घरी लाउडस्पीकर काय कमी आहेत? आणि मुख्य म्हणजे, आठवडाभर बाहेर जाण्याएवढी रजा इथं किती जणांना मिळते? ठेकेदाराच्या माणसाची खाडा केला की हजेरी जाते, हजेरी गेली की कधीकधी जागाही जाते.

मला इथं नेहमी इग्नेशियस लोयोला आठवतो. हा मुळात शिपाईगडी. 1521 मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्यानं पाय फुटला, अंथरुणात पडल्या पडल्या संतचरित्रं वाचली आणि बरा झाल्यावर मान्रेसा गावी जाऊन जवळपास वर्षभर राहिला. तिथं स्वतःच्या मनाची जी झाडाझडती त्यानं घेतली, तिच्यातून त्याचं अध्यात्मसाधनेचं छोटं पुस्तक तयार झालं. 1548 मध्ये पोपनी त्याला मान्यता दिली, आणि आज जगभर जी रिट्रीट होतात त्यांतल्या पुष्कळांचा सांगाडा तोच आहे. चार आठवडे, घरदार सोडून, एकट्यानं. गोव्याला 1542 मध्ये उतरलेला फ्रान्सिस झेवियरसुद्धा पॅरिसला याच साधनेतून गेलेला. पण त्या पुस्तकाच्या सुरुवातीला मार्गदर्शकासाठी वीस सूचना आहेत. त्यांतली एकोणिसावी अशा माणसासाठी, ज्याला कामधंद्यातून हलता येत नाही. त्यानं रोज दीड तास काढावा, म्हणतो, आणि काम सांभाळून साधना पुरी करावी. जुन्या शिपायाला ड्यूटी म्हणजे काय हे माहीत असणार. आमची पेन्सिलीची यादी ही त्या एकोणिसाव्या सूचनेची घुग्घुसची आवृत्ती आहे, असं मी एकदा फादरना म्हणाले. ते म्हणाले, “बाई, इग्नेशियसच्या लोकांना निदान नाइट शिफ्ट नव्हती.”

प्रवचनांतलं सगळं लक्षात राहत नाही. एक मात्र राहिलं. खडकावर घर बांधणारा शहाणा आणि वाळूवर बांधणारा मूर्ख, हा येशूचा दाखला फादर सांगत होते. पाऊस आला, पूर आला, वाळूवरचं घर पडलं. बाहेरच्या माणसाला सांगायला सोपा दाखला. पण इथं 2022 च्या ऑगस्टमध्ये अमराई वॉर्डातलं एक अख्खं घर जमिनीत गेलं. पडलं नाही, गेलं. खाली जुन्या भूमिगत खाणीची पोकळी होती. माणसं वेळेवर बाहेर पळाली म्हणून वाचली, आजूबाजूची कुटुंबं हलवावी लागली. ते घर बांधणाऱ्यानं वाळू निवडली नव्हती. त्याच्या पायाखालचा खडक दुसऱ्यांनीच काढून नेला होता. फादर दाखला संपवून थांबले तेव्हा हॉलमध्ये जी शांतता झाली, ती मौनाच्या नियमाची नव्हती. मागून एक बाई नियम मोडून म्हणाली, “खालचं कोणाले दिसते बाप्पा?” फादरनी तिला गप्प केलं नाही. पुस्तक मिटलं, खाली बसले आणि त्या तासाचं उरलेलं प्रवचन झालंच नाही. त्यांच्याबद्दल माझं चांगलं मत झालं ते त्या वेळी.

टिळकांचं गाणं म्हणताना मला त्यांच्या दरबाराची आठवण होते. 1893 मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशानं त्यांच्या हातात नवा करार ठेवला. 1895 च्या फेब्रुवारीत मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून, भगवी वस्त्रं घालून ते साताऱ्याला गेले आणि ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात सारखंच बोलावणं होतं. दोनच वर्षांत, 1919 च्या मे महिन्यात, टिळक गेले. पण जॅक विन्स्लो नावाच्या इंग्रज पाद्र्यावर त्यांचा ठसा उमटला होता. त्यानं टिळकांचं इंग्रजी चरित्र लिहिलं, आणि 1922 मध्ये सुरू केलेला त्याचा ख्रिस्त सेवा संघ पुढे पुण्यात स्थिरावला: खादी, साधं जेवण, इंग्रज आणि हिंदी माणसं एका पंगतीला. व्हेरियर एल्विन 1927 मध्ये इंग्लंडहून आला तो याच आश्रमात, आणि तिथून गोंडांमध्ये गेला. 1970 नंतर त्याच जागेत अँग्लिकन आणि कॅथलिक सिस्टर एकत्र राहू लागल्या. शांकर वेदान्ताचा अभ्यास केलेल्या सारा ग्रँट त्यांच्यातल्याच. कॅथलिकांच्या साधनेत मी प्रॉटेस्टंट बाई कोपऱ्यातली सतरंजी धरून बसते, त्याला महाराष्ट्रात एवढी तरी पूर्वपीठिका आहे.

टिळकांना पगार सोडता आला. तो सुटल्यावर घर कोणी रेटलं, हे ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्यांना सांगायला नको. आमच्या लोकांना पगार सोडता येत नाही, आणि त्यामुळे त्यांची साधना उणी ठरते असं मला वाटत नाही. उलट ती एकमेकांच्या जिवावर चालते. एकाला संध्याकाळची आराधना हवी असते तर दुसरा त्याच्याशी पाळी बदलून घेतो. बदलून घेणारा कधी मुसलमान असतो, कधी बौद्ध, आणि तो हॉलमध्ये कधीच येत नाही. नर्सा आपापसात ड्यूट्या अशा लावतात की प्रत्येकीला निदान एक मिस्सा मिळावी. स्वयंपाकघरात सकाळच्या बाया निघून जाताना दुपारच्या बायांना बोटांनी खुणा करून सांगतात की वरणात मीठ पडलंय, भाताचं आधण ठेवायचंय. खुणा चुकल्या तर वरण दोनदा खारट होतं आणि सगळे ते मुकाट्यानं खातात, कारण तक्रार करायला तोंड उघडावं लागेल.

पापनिवेदनाची रांग शेवटच्या दुपारी लागते. मी रांगेत नसते, म्हणून मला ती नीट पाहता येते. माणसं मनातल्या मनात पाठ करत उभी असतात, परीक्षेच्या हॉलबाहेरची पोरं उभी असतात तशी नाही, जास्त सावकाश. एक तेलुगू म्हातारी होती, साठीच्या पुढची, नवरा खाणीतून निवृत्त होऊन वारलेला. तिला हिंदी येत नाही, फादरना तेलुगू येत नाही, आणि हे दोघांनाही ठाऊक. तरी ती आत गेली आणि बाहेर येईना. जाळीमागून तिचा हात तेवढा दिसत होता. ती बोटांवर एकेक मोजत होती, करंगळीपासून अंगठ्यापर्यंत, मग पुन्हा करंगळीपासून. रांगेतले लोक पाय बदलू लागले, सेकंड शिफ्टवाल्याची वेळ होत आली. फादरना कळत नाही म्हणूनच ती इतका वेळ बोलली असावी, असा माझा कयास. बाहेर आली तेव्हा तिनं पदर सारखा केला, आणि तिला अडवून आत घुसणाऱ्या सेकंडवाल्याच्या पाठीत एक हलका धपाटा घातला.

शेवटच्या मिस्सेनंतर फादरनी मौन सुटल्याचं सांगितलं आणि हॉलमध्ये एकदम चार भाषा फुटल्या. कोणाला भांडी मोजायची होती, कोणाला उरलेला भात घरी न्यायचा होता. नर्सांचं मल्याळम तर कुकरच्या शिट्टीच्याही वर. समोरच्या बाकावरचा तो माझ्यापाशी येऊन म्हणाला, “बाई, तुमचं मराठी गाणं भारी असते. पुढच्या वर्षी दोन घ्या.” मी त्याला नाव विचारलं, त्यानं सांगितलं, मी माझं सांगितलं. तेवढ्यात फादर दारात उभे राहून ओरडले की येत्या रविवारच्या मिस्सेला सगळे दिसले पाहिजेत, साधना झाली म्हणून सुट्टी नाही. संडे ड्यूटीला जादा पैसे असतात आणि ती मिळावी म्हणून लोक महिना महिना सुपरवायझरच्या मागे असतात. क्षणभर सगळे एकमेकांकडे पाहत राहिले. मग माझ्या शेजारचा हा, पापण्यांत रेघ घेऊन उभा असलेला, मोठ्यानं म्हणाला, “येतो ना फादर. संडे नाही भेटला तर नक्की येतो.” सगळे हसले. फादर पण हसले, आणि त्याला विचारू लागले की संध्याकाळची मिस्सा ठेवली तर जमेल का.